ओकसेंगआजीचा पाय

ओकसेंगआजीच्या उजव्या पायाला गावात मान होता. पायाला कसला आलाय मान, असं कुणी म्हणेल, पण ज्या घरात मूल रडून रडून काळंनिळं होतंय त्या घरातल्या बाईला विचारा. आजी यायची, गुदोक पुढ्यात ओढायची, त्याच्या कडेवर टाच टेकवायची आणि गप्पा सुरू करायची. गप्पा रंगात येईपर्यंत मूल गाढ झोपलेलं असायचं. गुदोक म्हणजे बांबूच्या कामट्यांचा लांबट पाळणा. तो टांगायचा नाही, जमिनीवर ठेवायचा. बुडाला गोलावा असतो, त्यामुळे पायाने जरा लोटला की डुलत राहतो. कोरियातल्या जेजू बेटावरच्या बायकांचे हात कधी रिकामे नसत. लसूण सोल, जाळं विण, शंख फोड, हे चालूच. म्हणून त्यांनी मुलं पायावर सोपवली, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं मला तरी वाटत नाही.

आजीचा पाय मात्र इतका तरबेज झाला होता की समोर पाळणा नसला तरी हलायचा. बँकेच्या बाकावर हलायचा, दवाखान्यात हलायचा, एकदा तर एका मयताच्या घरी जेवणाच्या चौरंगाखाली हलला आणि समोरच्याचं सूप सांडलं. "माझी चार पोरं या पायावर मोठी झाली," ती सांगायची, "आणि गावातली निम्मी." निम्मी म्हणणं जरा जास्तच होतं, पण तिच्या तोंडावर तसं म्हणायची कुणाची छाती नव्हती.

तिचं दुसरं मानाचं स्थान समुद्रात होतं. आजी हेन्यो होती. तोंडाला नळी नाही, पाठीला टाकी नाही, नुसता श्वास कोंडून खोल तळाशी जायचं आणि शंख-शिंपले काढून आणायचे, हा त्या बायकांचा धंदा. तिची आई त्यातच होती, आईची आई त्यातच होती. पण लेक बुसानला जाऊन चष्म्यांचं दुकान टाकून बसली, आणि मागच्या साली आजीच्या छातीने असा दगा दिला की डॉक्टरांनी पाण्यात पाय घालायची बंदी केली. समुद्राने गावातल्या बहुतेक म्हाताऱ्यांचे कान नेले होते. आजीचे तेवढे शाबूत ठेवले, एवढीच त्याची मेहेरबानी. तिचा नारिंगी तरंगा, ज्याला धरून हेन्यो पाण्यावर दम खाते, तो पडवीत खुंटीला टांगून राहिला. त्याच्याकडे बघितलं की आजीला वाटायचं, या घरातून समुद्राकडे जाणारी वाट आता बंद झाली.

मग सून म्हणाली, "आई, मी शिकू का?"

सुनेचं नाव हेईन. माहेर देगूचं, म्हणजे जिथून समुद्र बघायचा तर आधी गाडी पकडावी लागते. नवरा मिनछोल मालवाहू जहाजावर, वर्षातून दोनदा उगवणार. आजी आधी खो खो हसली. "अगं, तू न्हाणीघरात घसरतेस, समुद्रात काय करणार?" पण हेईन चिकट निघाली. बाळंतपणाच्या आधीच तिने उथळ पाण्यात हात-पाय मारायला सुरुवात केली होती, आणि बोराम झाल्यावर, मुलगी जरा बसायला लागली तशी ती पुन्हा पाण्यात उतरली. त्या दिवशी आजीने खुंटीवरचा तरंगा काढून, पुसून, स्वतः तिच्या हातात दिला. गावभर सांगत फिरली, "माझी सून उतरली हो!" जणू सून चंद्रावरच उतरली होती.

गावच्या हेन्यो-मंडळाची प्रमुख होती बू कुमजा. ती आजीच्या शेजारीच राहायची. मधे कमरेएवढी काळ्या दगडांची भिंत, आणि त्या भिंतीवरून दोघींची आयुष्यभर भांडणं आणि देवघेव चालत आलेली. पाण्यात जोडीदारीण, जमिनीवर वैरीण. शरदात शंख काढण्यावरची बंदी उठली तशी कुमजाने हेईनला समोर बसवून सांगितलं, "हे बघ पोरी, हा हंगाम तुझी परीक्षा. ओहोटीला आम्ही निघालो की तू हजर पाहिजेस. मुलाला ताप आला, पाहुणे आले, झोप आली, हे मला चालणार नाही. हंगाम संपता संपता आम्ही ठरवू. एकदा नाही म्हटलं की नाहीच."

"ती चुकवणार नाही," आजी मधेच म्हणाली. "बोरामला मी बघते. हा पाय काय शोभेला आहे?"

पण पाय खरोखरच शोभेचा होत चालला होता, आणि हे फक्त आजीलाच ठाऊक होतं. उजव्या गुडघ्यात काहीतरी बिनसलं होतं. सकाळी उठताना तो करकरायचा, दुपारी सुजायचा, आणि पाळणा थोडा वेळ हलवला की आत कुणी सुई फिरवावी तसा ठणकायचा. इतर मुलं असती तर एकदा झोपली की झोपली. बोरामचं तसं नव्हतं. ती डुलण्यावर इतकी पोसली होती की पाय थांबला की तिचे डोळे उघडलेच म्हणून समजा. आजी हळूच टाच उचलायची, श्वास रोखायची, आणि गुदोकातून किंकाळी. पुन्हा टाच. म्हणजे हेईन पाण्यात असेपर्यंत पाळणा हलताच राहायला हवा. ही सवय लावली कुणी? आजीनेच, मोठ्या कौतुकाने.

गुडघ्याचं सांगितलं तर सून घरी बसणार, आणि सून घरी बसली की तरंगा पुन्हा खुंटीला. आजीने तोंडाला कुलूप घातलं. आधी तिने डावा पाय लावून बघितला. पण त्याला ती लय कधी आलीच नव्हती, पाळणा हेलकावे खाण्याऐवजी गचके खायचा आणि बोराम अशी बघायची की आजीलाच ओशाळं वाटावं. मग तिने शक्कल काढली. शंख भरायच्या जाळीची जुनी दोरी गुदोकाच्या कडेला बांधली आणि दुसरं टोक घेऊन पडवीत बसली. सुजलेला पाय उशीवर, दोरी हातात. ओढ, सोड. ओढ, सोड. पाळणा कुरकुरत डुलायला लागला आणि आजीला स्वतःच्या अकलेचा असा अभिमान वाटला की विचारू नका.

कुमजाने भिंतीवरून डोकं काढलं. "काय गं ओकसेंग, नात झोपवतेस की मासे ओढतेस?"

"तुला काय करायचंय? तुझं मीठ बघ, उन्हात पडलंय."

"पायाला काय झालं?"

"पायाला काय व्हायचंय? आराम देतेय. इतकी वर्षं राबला."

कुमजाने उशीवरच्या त्या पायाकडे नीट बघितलं आणि डोकं खाली घेतलं. 

एके दिवशी वारा उलटला, लाटा चढल्या आणि बायका अर्ध्या वेळातच परत फिरल्या. हेईन ओल्या केसांनी दारात आली तेव्हा आजी पडवीत भिंतीला टेकून बसलेली, पाय भोपळ्यासारखा सुजून उशीवर, दोन्ही हातांनी दोरी ओढतेय आणि डोळ्यांतून पाणी वाहतंय. गुदोकात बोराम राणीसारखी झोपलेली.

"आई! हे काय?"

"कांदा चिरत होते," आजी म्हणाली. आसपास कांदा नव्हता.

हेईन खाली बसली. तिने गुडघ्याला हात लावला तशी आजी ओरडली, दोरी सुटली, पाळणा थांबला आणि बोराम भोकाड पसरून उठली. हेईनने तिला उचलून कडेवर घेतलं आणि तशीच उभी राहिली. तिच्या कपाळावर पाण्यातल्या चष्म्याचा लाल वळ उठलेला होता.

"उद्यापासून मी जात नाही," ती म्हणाली. "कुमजा मावशींना सांगून येते."

"खबरदार!" आजी कडाडली. "माझ्या गुडघ्यावर खापर फोडून तू पाण्याबाहेर बसणार? उद्या गाव काय म्हणेल? ओकसेंगच्या पायाने ओकसेंगचं घर बुडवलं!"

"मग काय, तुम्ही अशा रडत दोरी ओढत बसणार? आणि मी तिथे खाली शंख गोळा करू? मला खाली श्वास तरी पुरेल का?"

आजीला एकदम रडू आलं, खरंखुरं, आणि तिने ते लपवलंही नाही. ती म्हणाली, "मला वाटलं, एवढा एक हंगाम निघेल."

हेईन बोरामला मांडीवर घेऊन तिच्याशेजारी टेकली. मग म्हणाली, "आई, राग मानू नका. तिला पायाशिवाय झोपता यायला हवं. झोप तिची आहे, तुमच्या टाचेची नाही."

आजीला हे लागलं. लागायचंच. पण ज्या मुद्द्यावर माणूस हरलेलं असतं त्यावर भांडण तरी किती ओढणार? "शिकव बघू," ती फणकाऱ्याने म्हणाली. "मीही बघते."

हेईनने आधी फोनवर वेळापत्रक केलं. सकाळची झोप अमुक वाजता, दुपारची तमुक वाजता, फोन टुणटुण वाजणार. पहिल्या दिवशी जमल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी ओहोटी उशिरा, तिसऱ्या दिवशी आणखी उशिरा. हेन्यो निघणार पाण्याच्या वेळेला, आणि पाणी तर रोज पुढे सरकणार. टुणटुण वाजायचं तेव्हा बोराम टक्क जागी, आणि तिचे डोळे मिटायला लागायचे तेव्हा हेईन अंगावर रबरी पोशाख चढवत असायची. पोरीच्या जेवणाचा, झोपेचा, सगळ्याचाच खिचडा झाला. हेईनचं तोंड एवढंएवढंसं झालं.

आजी कोपऱ्यातून बघत होती. पहिल्यांदा तिला बरं वाटलं, खोटं कशाला सांगा. मग सुनेचं तोंड बघून ते बरं वाटणं उतरलं.

"ते टुणटुण बंद कर," ती म्हणाली. "समुद्र कधी घड्याळ बघून आलाय का? रोज वेगळ्या वेळी येतो. पण क्रम कधी चुकवतो? आधी पाणी मागे सरतं, मग काळा खडक दिसतो, मग शेवाळं आडवं पडतं. आंधळ्या बाईलाही वासावरून कळतं की आता निघायचं. तिलाही तसंच कळू दे. वेळ नको, क्रम दे."

हेईनने मान वर केली. फोन उशीखाली सारला.

मग दोघींनी मिळून क्रम बसवला. बोराम कान चोळायला लागली की समजायचं, ओहोटी लागली. आधी पोटभर दूध. मग कोमट पाण्यात फडकं पिळून हातपाय पुसायचे. मग समुद्राकडची खिडकी लावून पडदा ओढायचा. मग गुदोकात तिची पिवळी दुलई. मग आजीने नाकातल्या नाकात गुणगुणायचं, शब्दांशिवाय, कारण शब्द आले की बोराम ऐकायला बसायची. आणि मग जागी असतानाच तिला उताणी ठेवायची, पोटावर हात टेकवायचा, आणि हात काढून घ्यायचा. पाय लावायचा नाही. वेळ कोणतीही असो, एकही पायरी गाळायची नाही आणि मागेपुढे करायची नाही.

पाय लावायचा नाही, हे सांगणं सोपं. पहिल्या दिवशी बोरामने अख्खं घर डोक्यावर घेतलं. हेईन जवळ बसून तिच्या पोटावर हात ठेवायची, काढायची, पुन्हा ठेवायची. आजी भिंतीपाशी. कधीतरी हेईनला जाणवलं की रडणं थांबलंय आणि पाळणा कुरकुरतोय. तिने वळून बघितलं. आजीची टाच कडेवर होती, आणि आजी तिसरीकडेच बघत होती.

"आई!"

"मी नाही केलं," आजी गोंधळून म्हणाली. "तोच गेला."

दोघी अशा हसल्या की बोराम पुन्हा उठली. त्यानंतर आजी मांडी घालून बसायला लागली, पाय अंगाखाली दाबून, गुडघा ठणकला तरी. शेवटी हेईननेच तिच्यासाठी एक बुटकं स्टूल आणलं आणि पाळण्यापासून दूर ठेवलं.

गावाला रडणं ऐकू जात होतं. भिंतीपलीकडून कुमजाचा आवाज आला, "ओकसेंग, पाय मोडला का गं? पोर गळा फाडतेय!"

एवढ्या वर्षांत तिच्या पायावर कुणी असं बोललं नव्हतं. आजीचे कान तापले. पण तिने ओरडून उत्तर दिलं, "पाय आहे जागेवर! नात शिकतेय, तिला शिकू दे!" आणि म्हणता म्हणता तिच्या लक्षात आलं की हे वाक्य तिने सुनेच्या बाजूने म्हटलं होतं.

हळूहळू रडणं आखूड होत गेलं. मग ते रडण्यापेक्षा कुरकुरच जास्त वाटायला लागलं. बोराम दुलईचा कोपरा मुठीत धरून गालावर घासायला शिकली. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, तिचं तिनेच शोधलं. आजीने ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिने हेईनला कोपर मारलं, जणू पोरीने पहिला शंख वर आणला होता. पण हे सगळं हेईन घरात असताना. आई समुद्रात आणि घरात एकटी आजी, अशी वेळ क्रम बसवल्यापासून आली नव्हती. इतके दिवस लाटांमुळे बायका घरीच होत्या.

मग हंगाम संपता संपता समुद्र निवळला. मोठ्या ओहोटीचा दिवस होता, आणि कुमजा सगळ्यांना लांबच्या खडकांपर्यंत नेणार होती. हंगामातलं सगळ्यात मोठं काम. त्याच दिवशी हेईनचं ठरणार हे गावातल्या मांजरालाही माहीत होतं.

हेईन दारात घुटमळली. "आई, रडायला लागली आणि थांबलीच नाही तर पाळणा हलवा. मी काही म्हणणार नाही."

"तू तुझा श्वास सांभाळ," आजी म्हणाली. "घरातलं मी बघते."

ती गेली. थोड्या वेळाने बोरामने कान चोळला. आजीने दूध पाजलं, फडकं पिळलं, हातपाय पुसले, लंगडत जाऊन खिडकी लावली, पडदा ओढला, दुलई अंथरली. गुणगुणली. पोरीला ठेवलं, पोटावर हात टेकवला, काढला, आणि स्टुलावर जाऊन बसली.

बोरामने डोळे मोठे करून इकडेतिकडे बघितलं. मग तिचा ओठ बाहेर आला. मग रडणं सुरू झालं. आजीने गुडघा दोन्ही हातांनी धरून ठेवला. उठून एकदा पोटावर हात ठेवला, काढला, परत आली. पाय पाळण्याकडे ओढ घेत होता. त्याला सवय होती, बिचाऱ्याला. आजी त्याला मनात म्हणाली, तू खूप केलंस, आता बस. आणि पाय खरंच बसला.

गुदोकातून एक हुंदका आला, मग दुलई घासल्याचा आवाज, मग एक लांब उसासा. मग काहीच नाही.

आजी वाकून बघायलाही उठली नाही. इथून तिला चिमुकल्या छातीचं वरखाली होणं दिसत होतं. पाळणा स्थिर होता. घरात पाळणा आहे, त्यात मूल झोपलंय आणि कुरकुर नाही, असं तिने जन्मात ऐकलं नव्हतं. आपल्या पायाशिवाय हे घडलं याचं वाईट वाटेल असं तिला आधी वाटलं होतं. वाईट वाटलं नाही. उलट छाती इतकी भरून आली की तिने डॉक्टरांच्या आठवणीने हात तिथे ठेवला.

आणि त्या शांततेत बंद खिडकीतून तिला पाण्यावरून वाहत आलेल्या शिळा ऐकू आल्या.

हेन्यो तळातून वर येते तेव्हा कोंडलेला श्वास शीळ होऊन सुटतो. प्रत्येकीची शीळ वेगळी. सून पाण्यात उतरल्यापासून आजी घरात पाळण्याच्या कुरकुरीत बसलेली, तिला कधी काही ऐकू आलं नव्हतं. आता ती ओळखत गेली. ही लांब, घोगरी, कुमजाची. ही दोनदा तुटणारी, वरच्या आळीतल्या सेंगमीची. ही पातळ, सेंगमीच्या बहिणीची. आणि मग एक शीळ आली जी तिने कधीच ऐकली नव्हती. आखूड, कडेला फाटलेली, पण खोलातून आलेली. उथळ पाण्यातून असा आवाज निघत नाही.

आजी स्टुलावर ताठ बसली. थोड्या वेळाने ती शीळ पुन्हा आली. मग पुन्हा. दर वेळी ती जाऊन परत येईपर्यंत आजीचाही श्वास थांबत होता.

ऊन उतरल्यावर भिंतीवर कुमजाचं ओलं डोकं उगवलं. "आज पाळणा वाजत नाहीये. नातीला कुठे पाठवलंस?"

"झोपलीय. मधे एकदा उठली, खेळली, पुन्हा झोपली."

"हलवतंय कोण?"

"कुणी नाही."

कुमजा तिच्या त्या वयात भिंत ओलांडून आली, पडद्याच्या फटीतून डोकावली आणि तशीच मागे आली. पडवीत आजीशेजारी टेकली. "तुझी सून शेवटपर्यंत माझ्या बाजूला होती," ती हळू आवाजात म्हणाली. "एकदाही किनाऱ्याकडे वळून बघितलं नाही. मूल घरी टाकून आलेली बाई वळून बघते गं. मी स्वतः बघायची." तिने नाक ओढलं. "आम्ही ठरवलंय. ती आमची."

"मला माहीत होतं," आजी म्हणाली.

"काय माहीत होतं? आत्ता तर ठरलं!"

"मी ऐकलं ना."

तेवढ्यात हेईन आली. खांद्यावर शंखांनी भरलेली जाळी, तिच्यावर तो जुना नारिंगी तरंगा, ओठ थंडीने निळे. कुमजाकडे तिने बघितलंही नाही. "आई, रडली का खूप?"

"थोडी."

"मग तुम्ही..."

"नाही. पाय इथेच होता." आजीने स्टुलाखालचा आपला पाय दाखवला. मग म्हणाली, "तुझी शीळ ऐकली मी."

हेईन थबकली. जाळीतून पाणी ठिबकत होतं. "कशी होती?"

"वाईट," आजी म्हणाली. "अगदी माझ्या पहिल्या वर्षासारखी." आणि ती हात पुढे करून उभी राहिली, सुनेच्या खांद्यावरचा तरंगा उतरवून घ्यायला.